‘सौरऊर्जा हे नगरपालिकेचं काम नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: महाऊर्जा (सौरऊर्जा आणि वीजबचतीचं काम बघणारी संस्था) राज्याची, वीज महावितरणची, मग नगरपालिकेनं सौरऊर्जेच्या प्रचारात कशाला पडायचं? गटारं तुंबलीत ती बघा. आणि करसवलतीच्या नावाखाली बंगलेवाल्यांची चैन चाललीय.

‘पालिकेचा आणि विजेचा संबंध काय?’ हे मुंबईत विचारून बघा. बेस्ट 1947 पासून महापालिकेचा उपक्रम आहे आणि मुंबई शहर भागात वीज तोच पुरवतो. इतर पालिका वीज विकत नसतील, पण विकत घेतात, आणि भरपूर घेतात. पाणी उपसणारे पंप, मैलाशुद्धीकरण केंद्रं, पथदिवे. पंप जुना झाला, किंवा गरजेपेक्षा मोठा बसवून व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून चालवला, की पाणी तेवढंच आणि बिल मात्र जास्त. ते बिल भरलं जातं गटारांच्याच तिजोरीतून. ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज कुठे किती वाया जाते याची तपासणी, करून घेणं हा गटारांवरचा अन्याय कसा, ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

‘महाऊर्जा राज्याची, तिचं ती बघेल.’ राज्याची आहे हे खरंच. संस्थेची नोंदणी 1985 ची, आणि 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यासाठी राज्यानं नेमलेली यंत्रणाही तीच. पण बांधकाम परवानगी तिच्या हातात नाही. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आहे. भिंती, काचा, वातानुकूलन, दिवे यांनी किती वीज खावी याचे नियम तिच्यात आहेत. नकाशा मात्र मंजूर होतो पालिकेच्या नगररचना विभागात, भोगवटा प्रमाणपत्रही तिथूनच. तिथल्या अभियंत्यानं फाईलमधलं ते पान उलटून पुढे सरकायचं ठरवलं, तर महाऊर्जेनं पुण्यात बसून कितीही कार्यशाळा घ्याव्यात. पालिकेचा पाठिंबा म्हणजे दरवेळी चेक नव्हे. बऱ्याचदा तो शिक्का असतो.

‘महावितरणनं करावं.’ नेट मीटर (ग्रिडमधून घेतलेली आणि छपरावरून ग्रिडला दिलेली वीज मोजणारा) तेच बसवतं, ते सुटणार नाहीच. पण युनिट विकणाऱ्या कंपनीनं ‘कमी विकत घ्या’ म्हणून दारोदार फिरावं, ही अपेक्षा भाबडी आहे. ते काम स्थानिक संस्थेचंच, मग ती पालिका असो की ग्रामपंचायत. साताऱ्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. ग्रामस्वच्छतेत आधीच नाव कमावलेलं हे गाव, कामाची सवय असलेलं. केंद्रानंही हे ओळखलंय: पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरावरच्या प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेला 1000 रुपये प्रोत्साहन ठेवलंय.

राहिली करसवलत. इथे मेसेजचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. पुण्यात सौरऊर्जा, पर्जन्यजल संचयन, गांडूळखत यांपैकी एक असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत मिळते. भाडेकरूला त्यातलं काही मिळत नाही, चाळीतल्याला तर नाहीच. शिवाय एकदा सवलत लागली, की वर गच्चीत सौर हीटर चालतोय की कबुतरं बसलीत, हे बघायला कोण जातं? म्हणून सवलतच काढा, हे मला पटत नाही. दरवर्षी तपासणी करा, बंद संच सापडला तर सवलत थांबवा, आणि त्यातून वाचलेल्या पैशात आधी पालिकेच्या शाळांवर पॅनेल बसवा.