मारत नाही हो, फक्त बोलतो

दहावीचा निकाल लागला की आमच्या गावच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतो, कोकण विभाग परत राज्यात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. मलाही भारी वाटतं, खोटं कशाला बोलू, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे या बोर्डात आणि दरवर्षी पुण्या-मुंबईला मागे टाकतात. पण त्याच्या मागोमाग जो मेसेज येतो त्याने डोकं फिरतं. "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो, आताच्या पोरांना साधं बोललेलं सहन होत नाही." खाली अंगठ्यांची रांग.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'च्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून मुख्याध्यापक असलेल्या बापाने बारावीतल्या मुलीला इतकं मारलं की ती गेली. दोन दिवस सगळे हळहळले, मग ग्रुपवर ठरलं की तो माणूसच विकृत, आपण काय तसे नाही. बरोबर आहे, बहुतेक जण तसे नसतातच. मला बोलायचंय ते या "तसे नसलेल्या" लोकांबद्दल, जे हात लावत नाहीत आणि तोंडाने सालटी काढतात.

मी स्वीडनमध्ये राहतो, गोथेनबर्गला. या देशाने १९७९ मध्ये जगात सगळ्यात आधी घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी केली, आणि कायद्यात मारण्यासोबत अपमान करणंही घातलं. गंमत म्हणजे त्या कलमाला वेगळी शिक्षाच नाही, मारहाण केली तर नेहमीचा फौजदारी कायदा आहे तो आहेच. सरकारने पुस्तिका वाटल्या आणि चक्क दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी नाश्त्याला बाप आणि पोरगा समोरासमोर बसून तेच वाचणार.

आपल्या लोकांना मात्र यातलं एकच माहीत, "तिकडे पोरं उचलून नेतात." २०११ मध्ये शेजारच्या नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं बालकल्याणवाल्यांनी ताब्यात घेतली होती, ती पुढच्या वर्षी भारतात काकांकडे आली, त्या प्रकरणाची धास्ती इथे अजून आहे. त्यामुळे हात आखडतो आणि जीभ मोकाट सुटते, कारण मराठीत केलेला पाणउतारा शेजाऱ्याला कुठे कळतोय! गेल्या गणपतीला इथल्याच कार्यक्रमात एका गृहस्थांनी पंधरा-सोळाच्या मुलाची ओळख करून दिली, "हा आमचा नमुना, खातो आणि झोपतो." सगळे हसले, मुलगा पण हसला, आणि मग आरती होऊन मोदक संपेपर्यंत बाहेर पार्किंगमध्ये पावसात फोन घेऊन उभा. बापाला वाटलं पोरगं माणूसघाणं आहे.

हेच मालवणकडे गणपतीत घरोघर चालतं. वर्षभर आईचा एकच धाक, "बाबा गणपतीक येवंदेत, सगळा सांगतंय तेंका." बाप मुंबईला, मेमध्ये आणि गणपतीत येणार, आणि आला की बॅग ठेवायच्या आत तक्रारींची यादी तयार. म्हणजे पोराच्या आयुष्यात बाप येतो तोच निकाल द्यायला. बरं बापाला पण कळत नाही बिचाऱ्याला की एवढ्या दिवसांत बाप असल्याचं दाखवायचं तरी कसं, मग ओटीवर सगळे चाकरमानी जमलेले असताना म्हणणार, "गणितात काय दिवे लावलस ते सांग मामाक." चौदा-पंधराच्या वयात चारचौघांत काय दिसतं यावर पोरांचं सगळं जग उभं असतं, आणि नेमका तिथेच घाव.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटे आत गरे, ओरडतो पण जीवही तेवढाच लावतो. मला हा फणस आता पुरे झालाय. पेनसिल्व्हेनियातल्या ९७६ कुटुंबांचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, तेराव्या वर्षी आईबापांनी आरडाओरडा, शिवीगाळ, "आळशी", "मूर्ख" असलं ऐकवलेल्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात वागणुकीच्या तक्रारी आणि नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसली. आणि एरवी घरात माया असली तरी तो परिणाम कमी झाला नाही. आपलं सगळं समर्थन त्या गऱ्यांवरच तर उभं आहे.

आता कोणी म्हणेल अमेरिकेतलं इथे कशाला. ठीक, भारत धरून सहा देशांचा २००५ चा एक अभ्यास आहे. जिथे मार देणं सर्रास चालतं तिथे त्याचा संबंध मुलांच्या आक्रमकपणाशी आणि चिंतेशी थोडा सौम्य दिसला, म्हणजे "आपल्याकडे चालतं" यात तथ्य आहे थोडं. पण सौम्य म्हणजे शून्य नाही, आणि आताची पोरं फोनवर दुसऱ्यांचे बाप बघतात, त्यांचं "सर्रास" बदललंय.

स्वीडन म्हणजे स्वर्ग असंही नाही. इथे टीनएजर मुलांमध्ये झोप न लागणं, डोकेदुखी, उदासपणा वर्षानुवर्षं वाढतोय, आणि टोळ्या पंधरा वर्षांखालच्या पोरांना कामाला लावतात कारण इतक्या लहान वयात मोठ्यांसारखी शिक्षा होत नाही. ग्रुपवर हे टाकलं की लगेच "बघा, लाड केल्यावर असंच". पण टोळीत जाणारं पोर लाडावलेलं असतं हे कोणी सांगितलं?

मला इथली शाळेतली पालकभेट आवडते. मुलगा स्वतः बसतो मध्ये, काय जमतं काय नाही ते तोच सांगतो. माझ्या एका मित्राचं उदाहरण, अशाच भेटीत वर्गाच्या बाई मुलाला विचारतात तुला गणित कसं वाटतं, आणि मित्र म्हणतो, "तो कॉन्सन्ट्रेट करत नाही." बाई काहीच बोलल्या नाहीत, मुलाकडे बघत थांबल्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही. चष्मा लागला होता! घरी सांगितलं नव्हतं कारण "परत खर्च" म्हणून ऐकावं लागलं असतं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २०१० पासून शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत, तर आता मास्तर म्हणतात आम्हाला हात लावता येत नाही, तुम्हीच घरी बघा. आणि घरात कोण विचारतंय? १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, मुंबईतूनच १९९६ मध्ये सुरू झालेला, पण नुसत्या बोलण्याबद्दल कुठलं पोर फोन करणार, त्याला वाटतं हे असंच असतं. घरासाठी कायदा व्हावा की नाही यावर भांडायला माझी तयारी आहे, पण आधी कोकण बोर्डाने निकालाच्या दिवशी पालकांसाठी दुधाच्या खोक्यासारखं काहीतरी करावं, चार ओळी छापायला काय जातं.

आणि ग्रुपवरच्या "आम्ही घडलो" वाल्यांनो, औषधं आणि सातबारा सोडून बापाशी सलग दहा मिनिटं कोण कोण बोलतं ते तेवढं सांगा.