एक एक्स बंद होतो, तरी टर्नर सिंड्रोम का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नुसतं 'पटलं नाही' म्हणून न थांबता का पटलं नाही हेही तुम्ही लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. म्हणूनच उत्तर जरा ऐसपैस देते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी लिहिलं होतं की सस्तन प्राण्यांच्या मादीत गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद करते. आईकडून आलेला बंद होईल की वडिलांकडून आलेला, हे माणसात आधीपासून ठरलेलं नसतं. त्यामुळे दोन एक्स असलेली प्रत्येक स्त्री दोन प्रकारच्या पेशींची बनलेली असते. यावर तुमचे आक्षेप तीन. दुसरा एक्स खरंच बंद असता तर टर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे जिथे मुळात एकच एक्स असतो तिथे, काही त्रास व्हायला नको होता. इतकी मोठी गोष्ट निसर्ग नशिबावर सोडणार नाही. आणि हीमोफिलियाच्या (एक्सवरच्या सदोष जनुकामुळे रक्त नीट न गोठण्याचा आजार) वाहक स्त्रिया बहुधा ठणठणीत असतात, तेव्हा त्यांच्या निम्म्या पेशींत सदोष जनुक चालू असतं हे खरं वाटत नाही. 'दोन प्रकारच्या पेशी' हे वाक्य काढून टाका, असंही तुम्ही सुचवलंत.

टर्नरचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. १९६१ साली मेरी लायन यांनी हा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्या पुराव्यांत एकच एक्स असलेल्या उंदरिणी होत्या. तशा उंदरिणी जवळपास इतरांसारख्याच वाढतात, त्यांना पिल्लंही होतात. म्हणजे तुमचाच तर्क तिथे सिद्धांताच्या बाजूने उभा होता: एका एक्सवर भागतं, कारण एरवीही एकच चालू असतो. मग माणसात का भागत नाही? कारण आपल्याकडे बंद एक्सवरची सगळी जनुकं गप्प बसत नाहीत. साधारण पंधरा टक्के जनुकं त्या एक्सवरूनही काम करत राहतात, आणखी दहाएक टक्के कुणात चालू असतात तर कुणात बंद. उंदरात अशी निसटणारी जनुकं फारच कमी असतात.

शॉक्स नावाचं जनुक घ्या. ते एक्सच्या अगदी टोकाला, वाय गुणसूत्राशी सामाईक असलेल्या भागात बसतं. पुरुषाला त्याची एक प्रत एक्सवर आणि एक वायवर मिळते. स्त्रीला दोन्ही एक्सवर मिळते आणि दोन्ही चालू राहतात. हाडांच्या वाढीला या दोन प्रती लागतात. टर्नरमध्ये एकच असते, आणि त्या मुलींची उंची कमी राहण्याचं मोठं कारण हेच आहे. अंडाशयाची गोष्ट वेगळी. अंडपेशी ज्या पेशींपासून तयार होतात त्यांच्यात बंद एक्स पुन्हा चालू केला जातो, त्यामुळे वाढणाऱ्या अंडपेशीत दोन्ही एक्स जागे असतात. टर्नरमध्ये जागा करायला दुसरा एक्सच नसतो, आणि बहुतेक मुलींच्या अंडपेशी फार लवकर संपतात.

म्हणून 'त्रास होतो, म्हणजे दुसरा एक्स बंद नाही' हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो बंद असतो, पण पूर्ण नाही आणि सगळ्या पेशींत कायमचाही नाही. त्याचं बंद असणं डोळ्यांनी दिसतं, हेही सांगायला हवं. १९४९ मध्ये मरे बार आणि इवर्ट बर्ट्रॅम यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. तो बोक्यांच्या पेशींत नव्हता. दहा वर्षांनी सुसुमु ओनो यांनी दाखवलं की असा ठिपका म्हणजे आवळून बसलेला एक एक्स. तीन एक्स असलेल्या स्त्रीच्या पेशीत असे दोन ठिपके दिसतात, आणि दोन एक्स व एक वाय असलेल्या पुरुषाच्या पेशीत एक. एक्स कितीही असोत, पेशी एकच पूर्ण चालू ठेवते.

हे घडतं कसं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. जो एक्स बंद व्हायचा असतो त्याच्यावरचं झिस्ट नावाचं जनुक जोरात काम करू लागतं. त्यापासून सुमारे १७ हजार अक्षरांचा लांबलचक आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, तयार होतो, पण त्याचं प्रथिन कधीच बनत नाही. तो केंद्रकाबाहेरही जात नाही. ज्या गुणसूत्रावर जन्मला त्याच्यावरच पसरत जातो आणि शेजारच्या एक्सला हात लावत नाही. चमकणारा रंग लावून पाहिलं तर केंद्रकात एकाच ठिकाणी त्याचा ढग दिसतो. या आरएनएला स्पेन नावाचं प्रथिन येऊन चिकटतं आणि जनुकांचं वाचन थांबवणाऱ्या इतर प्रथिनांना बोलावून घेतं. मग डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या 'चालू'च्या खुणा पुसल्या जातात, 'बंद'च्या खुणा लागतात, आणि शेवटी डीएनएवरही मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणेचं कुलूप पडतं. एवढं झाल्यावर प्रयोगशाळेत झिस्ट काढून टाकलं तरी तो एक्स बहुतांशी बंदच राहतो. पेशी विभागली की दोन्ही नव्या पेशींत तोच एक्स बंद असतो, आणि हे आयुष्यभर चालतं.

आता नशिबाबद्दल. निसर्गाने दोन्ही वाटा वापरल्या आहेत. कांगारूच्या वर्गातल्या प्राण्यांत वडिलांकडून आलेलाच एक्स बंद होतो. उंदराच्या वारेतही तेच. पण उंदराच्या प्रत्यक्ष गर्भात तो बंद एक्स आधी पुन्हा उघडला जातो आणि नंतर प्रत्येक पेशी नव्याने निवड करते. माणसातली निवड यदृच्छेने होते याचा थेट पुरावा १९६३ मध्ये मिळाला. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमचं जनुक एक्सवर असतं आणि त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार सापडतात. दोन्ही प्रकार असलेल्या स्त्रियांच्या त्वचेतून एकेक पेशी वेगळी करून वाढवली. प्रत्येक पेशीच्या वंशात एक तर फक्त ए सापडलं, नाहीतर फक्त बी. एकाच स्त्रीच्या त्वचेत दोन्ही प्रकारचे वंश होते, पण दोन्ही एन्झाइमं बनवणारा एकही वंश मिळाला नाही.

आणि २००१ मध्ये जन्मलेली पहिली क्लोन मांजर आठवा. तिची जनुकं पांढऱ्या-काळ्या-नारिंगी मांजरीकडून घेतली होती, तरी तिच्या अंगावर नारिंगी केस नव्हते. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर असतं. ज्या एका पेशीपासून तिला घडवलं, तिच्यात ते असलेला एक्स बंद होता आणि तो बंदच राहिला.

वाहक स्त्रियांचं उत्तर, पेशींमध्ये वाटून घेणं शक्य आहे की नाही, यात आहे. हीमोफिलियात कमी पडणारं प्रथिन यकृतात बनून रक्तात मिसळतं. निम्म्या पेशींनी बनवलेलं सगळ्या शरीराला पुरतं, म्हणून बहुतेक वाहक स्त्रियांना मोठा त्रास होत नाही. पण घामाच्या ग्रंथी घडू न देणारा, एक्सवरच्या जनुकामुळे होणारा एक आजार आहे. त्याच्या वाहक स्त्रियांच्या त्वचेवर घाम येणारे आणि न येणारे पट्टे शेजारीशेजारी असतात, कारण ग्रंथी उसनी मिळत नाही. आयोडीन आणि स्टार्च लावून ते पट्टे प्रत्यक्ष पाहता येतात. शिवाय वाटणी नेहमी निम्मी-निम्मी होत नाही. एकसारख्या जुळ्या बहिणी, दोघीही ड्यूशेन स्नायुविकाराच्या वाहक, आणि एकीचे स्नायू दुर्बल तर दुसरी धडधाकट, अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. जनुकं तीच असतात, पण एकीच्या बहुतेक पेशींत चांगला एक्स बंद पडलेला असतो. 'दोन प्रकारच्या पेशी' हे वाक्य काढलं तर या बहिणींमधला फरक कशाने समजावायचा? म्हणून ते वाक्य मी तसंच ठेवते आहे.