सेवाशुल्काची ही सक्ती कशासाठी?

मुंबईतल्या आलिशान हॉटेलात एका रात्रीचे १४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मोजूनही दुपारी तीनपर्यंत लॉबीत ताटकळायचे आणि सकाळी अकराला मात्र खोली रिकामी करण्यासाठी फोन खणखणणार, हा कुठला न्याय? जेवणाच्या बिलात तर न विचारता सेवाशुल्क जोडलेलेच असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच त्याला मनाई केली, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली, तरी ते काढायला सांगितले की व्यवस्थापक येतो, सर्वांदेखत कारण विचारतो आणि शेजारच्या टेबलांवरच्या माना वळतात. माझी वृद्ध आई तर संकोचून "देऊन टाक रे" म्हणाली. नियम त्यांनी मोडायचा आणि मान खाली आम्ही घालायची?