‘दूध पुरत नाही? या सात गोष्टी लक्षात ठेवा’ या मेसेजला उत्तर

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात त्यात काय आहे सांगते: पहिले तीन दिवस आईला दूध येतच नाही तेव्हा बाटली तयार ठेवा, बाळ तासातासाला मागतंय म्हणजे ते उपाशी आहे, छाती मऊ पडली म्हणजे दूध आटलं, पंप लावून बघा म्हणजे खरं किती दूध आहे ते कळेल, दूध पातळ दिसलं तर त्यात ताकद नाही, रात्रीची एक बाटली द्या म्हणजे आईला झोप मिळेल, आणि शेवटी हात जोडलेला इमोजी टाकून "सगळं आईच्या मनावर आहे, टेन्शन घेतलं की दूध जातं". पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मान्य, बहुतेक वेळा कुणीतरी मावशी, आत्या नाहीतर ऑफिसमधली मैत्रीण काळजीपोटीच पाठवते. पण गंमत बघा, यातली एकही गोष्ट दूध कमी असल्याची खूण नाहीये, आणि हा मेसेज पाळला तर मात्र दूध खरंच कमी होऊ शकतं, मग पाठवणारेच म्हणतात बघा, आम्ही सांगितलंच होतं ना!

पहिले तीन दिवस. दूध येत नाही असं नाही, दूध भरपूर उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात, पण त्याआधी चीक असतो, पिवळसर, दाट आणि थोडासाच. थोडासाच असतो यावरच सगळी घाबरगुंडी उडते. पहिल्या दिवशी निरोगी बाळ एका वेळेला साधारण २ ते १० मिली पितं, म्हणजे जास्तीत जास्त दोन छोटे चमचे, आणि त्याला तेवढंच लागतं. बाटलीतून एकदम ३०-४० मिली गेलं की बाळ गाढ झोपतं, घरातले म्हणतात "बघ, पोट भरलं तेव्हा कसं शांत झोपलं", आणि त्या तीन-चार तासांत आईच्या छातीला कुणी मागतच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघंही सांगतात की जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या, त्याचं कारण नुसतं प्रेमबिम नाहीये, छातीला काम लवकर सुरू करायला लावायचंय. वजनाचंही तसंच, पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर सहसा काळजी नसते, १० च्या पुढे गेलं तर डॉक्टरांनी नीट बघायलाच हवं. बहुतेक बाळं १० ते १४ दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतात.

आता तासातासाला मागण्याचं. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, हे नॉर्मल आहे, आणि ते घड्याळ लावून दर दोन तासांनी असं नसतं, दुपारी तीन तास झोपेल आणि संध्याकाळी सहा ते दहा सलग चिकटून बसेल, सोडलं की रडेल, परत घेतलं की दोन मिनिटं ओढेल, परत सोडेल. नेमकं याच वेळेला घरात सगळे जमलेले असतात. "अगं, परत? आत्ताच तर पाजलंस ना?" हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडलं की कुठल्याही बाईला वाटेल की आपल्यातच काहीतरी कमी आहे. खरं तर दूध तयार होण्याची रीत अशी आहे की छाती जितकी रिकामी होईल तितकं नवीन दूध वेगाने बनतं, आणि दूध आत साचून राहिलं तर ते बनायचा वेग मंदावतो. म्हणजे बाळ सारखं मागतंय तेव्हा ते उद्याच्या दुधाची सोय करतंय. या वेळी बाटली दिली की छाती भरलेली राहते, शरीराला निरोप जातो की एवढ्याची गरज नाही, दोन दिवसांनी खरंच कमी येतं, मग अजून एक बाटली. बऱ्याच घरांत दूध "जातं" ते असं, हळूहळू, सगळ्यांच्या मदतीने.

मग पुरतंय की नाही हे कळणार कसं? लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा वेळा तरी भरपूर शू, फिकट रंगाची, आणि शी काळी-हिरवीवरून पिवळी झालेली. आत गेल्याशिवाय बाहेर येणार नाही, इतकं सोपं आहे ते. शू कमी आणि गडद होत असेल, पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, बाळ इतकं सुस्त असेल की प्यायलाही जागं होत नाही, किंवा पिवळं दिसत असेल, तर मेसेज वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. या खऱ्या खुणा त्या मेसेजमध्ये एकही नाहीत याचा मला जास्त राग आहे.

छाती मऊ पडणं हे तर चांगलं लक्षण. सुरुवातीला छाती दगडासारखी होते, गळते, कपडे भिजतात, मग काही आठवड्यांत शरीराला हिशोब कळतो आणि ते सगळं शांत होतं. दूध तेवढंच असतं, साधारण एक ते सहा महिन्यांच्या काळात बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली पितं आणि तो आकडा फारसा बदलत नाही. आणि हो, छातीच्या आकाराचाही दुधाशी संबंध नाही, आकार बराचसा चरबीचा असतो, दूध ग्रंथींमध्ये बनतं. हे अजून सांगावं लागतं याचंच नवल.

पंपाची परीक्षा. याने जितक्या आया रडल्यात तितक्या बहुतेक कशानेच नसतील. बाळ अर्ध्या तासापूर्वीच पिऊन झोपलंय, आई पलंगाच्या कडेला पंप लावून बसलीय, मशीन घर्रघर्र करतंय, बाटलीच्या तळाशी दूध कसंबसं पहिल्या रेघेला टेकलंय आणि दारातून कुणीतरी डोकावून विचारतंय, "एवढंच?" आता पंप म्हणजे प्लास्टिक आणि हवा. बाळाचं तोंड, त्याचा ऊबदार स्पर्श, त्याचा वास यांनी ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि त्याने पान्हा फुटतो, मशीनसमोर तो तसाच फुटेल असं नाही. शिवाय पंपाच्या फनेलचा, म्हणजे छातीवर बसवायच्या भागाचा, साइज चुकला असेल तर आहे तेही नीट निघत नाही. पंप किती निघालं ते सांगतो, किती आहे ते सांगत नाही. कामावर जाणाऱ्या आईसाठी पंप फार उपयोगाची वस्तू आहे, काढलेलं ताजं दूध साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं, पण मोजमाप म्हणून तो कुचकामी.

पातळ दुधाचं एका ओळीत: आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असतं, एका वेळच्या पाजण्यात सुरुवातीचं निळसर दिसतं आणि शेवटचं जास्त दाट, दोन्ही एकच दूध. म्हणूनच पहिले सहा महिने, उकाड्यातसुद्धा, वरून पाणीही लागत नाही. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करायचं पण दूध तेव्हाही "पाणी" होत नाही, दुसऱ्या वर्षातसुद्धा बाळाच्या ऊर्जेच्या गरजेचा साधारण एक तृतीयांश भाग त्यातून भागू शकतो, म्हणून तर दोन वर्षं आणि पुढेही पाजा असं सांगतात.

रात्रीची बाटली. आईला झोप मिळायलाच हवी, यावर वाद नाही. पण प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, रात्री जास्त असतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत नेमकं तेच पाजणं काढून टाकणं महागात पडतं. शिवाय सहा-सात तास छाती भरलेली राहिली की गाठी होतात, दुखतं, ताप येऊ शकतो. झोप द्यायची तर दुसऱ्या वाटा आहेत ना! रात्री बाळ उठलं की बाबाने उठायचं, लंगोट बदलायचा, बाळ आणून आईजवळ द्यायचं, पिऊन झालं की परत घ्यायचं, खांद्यावर टाकून ढेकर काढायची, झोपवायचं. आईने फक्त कुशीवर वळायचं. सकाळी सात ते नऊ कुणीतरी बाळाला बाहेरच्या खोलीत नेलं तर ती दोन तास मेल्यासारखी झोपेल. बाटलीपेक्षा यात मेहनत जास्त आहे, ती दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते एवढाच फरक.

आणि तो "सगळं आईच्या मनावर" वाला भाग, तो मला सगळ्यात जास्त खटकतो. यात अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोका. वेदना, भीती, अपमान यांनी पान्हा फुटायला थोडा वेळ लागू शकतो, हे खरं. पण ते तात्पुरतं असतं, त्याने दूध "जात" नाही. आणि समजा टेन्शनने अडतंय, तर टेन्शन कुणी दिलं? पाहुण्यांसमोर बाळ रडतंय, तिला आत जायचंय, कुणी उठू देत नाही, वरून "टेन्शन घेऊ नकोस हं". असं बोलून आजवर कुणाचं टेन्शन गेलंय? कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर ज्या आयांना नीट, ठरवून, जास्तीची मदत मिळाली त्यांच्यात अंगावरचं लवकर बंद होण्याचं प्रमाण कमी निघालं. नुसतं कौतुक किंवा उपदेश नाही, कुणीतरी शेजारी बसून बाळ कसं धरलंय ते बघणारं.

ते बघायचं काय, तर दुखतंय का हे आधी विचारा. सुरुवातीला थोडं हुळहुळतं, पण चिरा पडणं, रक्त येणं, बाळ जवळ आणलं की तिने दात आवळणं, हे "सहन कर, सगळ्यांनाच होतं" यातलं नाही. बहुतेक वेळा बाळाने नुसतं टोक पकडलेलं असतं. तोंड जांभईएवढं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, निपलभोवतीच्या काळ्या भागातला बराचसा, विशेषतः खालचा, तोंडात गेलेला, आणि दूध उतरल्यावर गिळल्याचा हलका आवाज. पाजून झाल्यावर निपल चपटं, लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसत असेल तर पकड चुकतेय. बोट हळूच तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा, परत लावा, नाही जमलं तर लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे अंगावर पाजायला मदत करणारी तज्ज्ञ, किंवा या कामातल्या नर्सला दाखवा, आणि ते पहिल्याच आठवड्यात, महिनाभर थांबून नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींसाठीही, कारण माझं हे वाचून कुणीतरी लगेच लिहिणार की "बघा, प्रत्येक आईला दूध येतंच, मनात हवं". नाही. काहींना खरंच कमी येतं. बाळंतपणात खूप रक्त गेलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइड असतो, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं, काहींच्या ग्रंथीच पुरेशा वाढलेल्या नसतात, सिझेरियन किंवा डायबेटिस असेल तर दूध उतरायला उशीर होऊ शकतो. तिथे तपासणी हवी आणि फॉर्म्युला, म्हणजे पावडरचं दूधही हवं, वेळेवर, बिनदिक्कत, कारण बाळ उपाशी ठेवून कुठलंही तत्त्व सिद्ध होत नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने पावडरच्या दुधाच्या जाहिरातींवर संहिता आणली ती कंपन्यांना आवरायला, आयांना शरमेने मान खाली घालायला लावण्यासाठी नाही. डॉक्टरांनी वरचं द्यायला सांगितलं तर किती आणि किती दिवस ते स्पष्ट विचारून घ्या, आधी अंगावर घ्या मग वरचं द्या, आणि ज्या वेळी बाळ बाटली पितंय त्या वेळी आईने थोडं दूध काढायचं, म्हणजे मागणी चालू राहते. आणि दिवसातून दोनदा पावडर, बाकी अंगावरचं, असं जिचं चाललंय तिला "म्हणजे तू पाजत नाहीस" असं म्हणू नका, ती पाजतेय.