३२ हजार फुटांच्या वरचं आकाश 'सुरक्षित' कोणी ठरवलं?

एमएच१७, म्हणजे २०१४ मध्ये लढाई चालू असलेल्या पूर्व युक्रेनवर पाडलं गेलेलं मलेशिया एअरलाइन्सचं प्रवासी विमान. त्याचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत एकाच जागी अडकते: रशियाने पाडलं की युक्रेनने? ते विमान त्या आकाशात होतंच कसं, हे विचारणाऱ्यावर मात्र लगेच 'गुन्हेगाराला पाठीशी घालताय' असा शिक्का बसतो. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा संपत नाही.

पहिल्याचं उत्तर पुराव्यांनी दिलेलं आहे. १७ जुलै २०१४, ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं बोइंग ७७७, आत २९८ माणसं. युक्रेनच्या सुखोई-२५ या लढाऊ विमानाने पाडलं ही थिअरी आजही फिरते. पण कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरच्या शेवटच्या २० मिलिसेकंदांत स्फोटाचा आवाज आहे. चार मायक्रोफोनपैकी कोणत्यावर तो किती आधी पोहोचला, यावरून दिशा काढली गेली: विमानाच्या बाहेर, कॉकपिटच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूला. वैमानिकांचा एक शब्दही नाही. सापडलेल्या तुकड्यांत डमरूच्या आकाराचे पोलादी तुकडे होते, ते बुक या जमिनीवरून सुटणाऱ्या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या एका विशिष्ट स्फोटकशीर्षात भरलेले असतात. काही तुकड्यांवर कॉकपिटच्या काचेचा पातळ थर चढला होता, म्हणजे ते काच फोडूनच आत गेले होते. सुखोई-२५ वरच्या छोट्या क्षेपणास्त्राचं स्फोटकशीर्ष जेमतेम ३ किलोचं आणि ते इंजिनाच्या उष्णतेमागे जातं. बुकचं साधारण ७० किलोचं असतं आणि ते लक्ष्याच्या जवळ जाऊन फुटतं. हेगच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिघांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं, एकाला सोडलं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेने आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियाला जबाबदार धरलं. क्षेपणास्त्र सोडणाऱ्यांचा दोष यापुढच्या एकाही वाक्याने कमी होत नाही.

आता दुसरा प्रश्न.

६ जून २०१४ ला युक्रेनने पूर्वेकडचं आकाश २६ हजार फुटांपर्यंत नागरी विमानांना बंद केलं. १४ जुलैला त्यांचं लष्करी अँटोनोव्ह-२६ साधारण साडेसहा किलोमीटर उंचीवर पाडलं गेलं आणि मर्यादा ३२ हजारांवर गेली. एमएच१७ होतं ३३ हजारांवर. म्हणजे नियमाप्रमाणे अगदी बरोबर, हजार फूट वर.

या आकड्याला शस्त्राच्या दृष्टीने काहीच अर्थ नव्हता. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं ढोबळमानाने १५ हजार फुटांच्या आसपास थकतात. त्यापेक्षा वर मारा करणारी मध्यम पल्ल्याची यंत्रणा आली की ती २० किलोमीटरच्याही वर पोहोचते, म्हणजे ६५ हजार फुटांपलीकडे. मधल्या ३२ हजारांवर थांबणारं शस्त्र कुठलं? साडेसहा किलोमीटरवर विमान पडलं, म्हणजे खांद्यावरच्या नळकांड्यापेक्षा मोठं काहीतरी तिथे आलेलं असण्याची शक्यता उघड होती. त्या क्षणी वरचं सगळं आकाश बंद करायला हवं होतं. या अपघाताचा तपास करणाऱ्या डच सुरक्षा मंडळानेही २०१५ च्या अहवालात हेच म्हटलं: पूर्ण बंदीला पुरेसं कारण होतं. युक्रेनच्या खुलाशाप्रमाणे ३२ हजारांची रेष आखण्यामागे लष्करी आणि नागरी विमानांत अंतर ठेवण्याचा हिशेब होता, नागरी विमानांना क्षेपणास्त्रापासून वाचवण्याचा नव्हे.

त्यात नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिक आणि डिस्पॅचरसाठी (कंपनीत उड्डाणाचा मार्ग आखणाऱ्यासाठी) निघणाऱ्या सूचनेत, बंदीचं खरं कारण लिहिलेलंच नव्हतं. डिस्पॅचरच्या टेबलावर अशा ढिगाने सूचना येतात. 'अमुक क्षेत्र, फ्लाइट लेव्हल ३२० (म्हणजे ३२ हजार फूट) पर्यंत बंद' एवढंच वाचून तो काय करणार? मार्ग ३३० वर आखणार आणि पुढच्या सूचनेकडे वळणार. शेजारच्या रशियाच्या रोस्तोव्ह क्षेत्राच्या सूचनेत सीमेपलीकडच्या लढाईचा उल्लेख होता, पण त्यातच उंचीचे दोन परस्परविरोधी आकडे होते: एक ३२०, दुसरा ५३०. हे कोणाला खटकलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

'मलेशियन कंपनीने इंधन वाचवायला धोका पत्करला' हे वाक्य म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. त्या दिवशी आकाश बंद होईपर्यंत तिथून १६० विमानं गेली. एमएच१७ कोसळलं तेव्हा त्याच नियंत्रण क्षेत्रात आणखी तीन प्रवासी विमानं होती, त्यातलं एक दिल्लीहून बर्मिंगहॅमला निघालेलं एअर इंडियाचं. तीनपैकी सर्वात जवळचं सुमारे ३० किलोमीटरवर. एमएच१७ च्या वैमानिकांना हवाई नियंत्रकांनी ३५ हजारांवर चढता येईल का असं विचारलं होतं, ते नाही म्हणाले. यावरही 'चढले असते तर वाचले असते' असं लिहिणारे आहेत. बुकला त्या दोन हजार फुटांनी काडीचा फरक पडत नाही.

बुकची लाँचर गाडी एकटी असली, सोबत शोध रडार आणि कमांडची गाडी नसली, तरी ती स्वतःच्या रडारवर मारा करू शकते. पण तिला आकाशाचा मर्यादित तुकडा दिसतो. तिची ओळख यंत्रणा 'आपला की नाही' एवढंच सांगते, प्रवासी विमानाचं नाव-गाव सांगत नाही. जानेवारी २०२० मध्ये तेहरानजवळ इराणच्या क्षेपणास्त्रांनी युक्रेनचं पीएस७५२ हे प्रवासी विमान पाडलं, १७६ माणसं गेली. इराणच्याच अहवालाप्रमाणे मारा करणाऱ्या क्षेपणास्त्र यंत्रणेच्या दिशेत १०७ अंशांची चूक राहिली होती. तिथेही क्षेपणास्त्रं सज्ज होती, आणि विमानतळ उघडा होता.

नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारानुसार आकाश बंद करायचा अधिकार फक्त त्या-त्या देशाचा. आंतरराष्ट्रीय संघटना मार्गदर्शिका काढते, कुलूप लावू शकत नाही. आणि युद्धात गुंतलेल्या देशाला 'आमचं आकाश आमच्या ताब्यात नाही' असं जाहीर करणं राजकीयदृष्ट्या जड जातं, शिवाय वरून जाणाऱ्या विमानांचं शुल्कही बुडतं. म्हणून निर्णय त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडणं मला मान्य नाही. कंपनीच्या देशाच्या नियामकाने आपल्या विमानांना थेट मनाई करावी. नोटॅममध्ये शस्त्राचा प्रकार आणि कारण लिहिणं सक्तीचं असावं. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं असल्याचा संशय आला की उंचीची अट हा पर्यायच उरू नये: जमिनीपासून वरपर्यंत सगळं बंद. आणि कंपनीच्या मार्ग आखणाऱ्या विभागात किमान एक माणूस असा हवा, ज्याचं काम फक्त युद्धाच्या बातम्या वाचणं आणि 'हा मार्ग आज नको' म्हणणं एवढंच असेल. त्या 'नको'वर विक्री विभागाची सही लागता कामा नये.