गिझर चालू असताना खिडकी बंद करायला सांगणारा खोटा संदेश

सोलापुरातल्या घरगुती व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. नखाएवढा एक नवा संवेदक 'वायूचा आवाज ऐकून' घरातला कोणताही विषारी वायू ओळखतो, त्यामुळे गॅस गिझर चालू असतानाही न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी लागत नाही आणि सिलिंडरच्या गळतीचीही चिंता मिटते, असे त्यात ठासून सांगितले आहे. अशोक चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकला, तेव्हा गप्प राहणे शक्य नव्हते.

वायू 'ऐकला' जातो, एवढे मात्र खरे आहे. उघडझाप होणारा प्रकाश पदार्थावर पडला की त्यातून ध्वनी निघतो, हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच दाखवून दिले होते. आजच्या संवेदकात छोट्याशा कोठडीत अवरक्त किरण थांबून थांबून सोडतात. ते शोषून वायू तापतो, प्रसरण पावतो, पुन्हा निवतो आणि दाबाच्या या बारीक लाटा आतला मायक्रोफोन टिपतो.

परंतु 'कोणताही वायू' हे धादांत खोटे आहे आणि जिवाचा धोका नेमका तिथेच आहे. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचेच किरण शोषतो. घरगुती उपकरणांत बसणारे या जातीचे संवेदक कार्बन डायऑक्साइडसाठी बनवलेले असतात, म्हणून त्यांची गाळणी ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचेच किरण पुढे सोडते. कार्बन मोनॉक्साइडचे शोषण होते ४.७ मायक्रोमीटरच्या जवळपास. तो समोर असूनही या यंत्राला ऐकू येत नाही. बंद न्हाणीघरात गिझरला हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि हाच रंग नसलेला, वास नसलेला वायू साचतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि आंघोळ करणारा माणूस कडी काढण्याआधीच कोसळू शकतो. अशा वेळी कार्बन डायऑक्साइडही वाढतो, हे मान्य. पण बाहेरच्या खोलीतल्या यंत्राच्या पडद्यावर चढलेला आकडा आतल्या माणसाच्या काय कामाचा? त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतो, आणि त्याहीआधी गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा लागतो.

खिडकी बंद ठेवण्याचा सल्ला तर संवेदकाच्याच मुळावर येतो. सेन्सिरिऑन कंपनीच्या एससीडी४० या १०.१ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या संवेदकाचे माहितीपत्रक कुणालाही वाचता येईल. वायूंपैकी तो फक्त कार्बन डायऑक्साइड मोजतो, त्याच्या अचूकतेची हमी ४०० ते २००० पीपीएमपुरती (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग) आहे आणि आठवड्यातून एकदा तरी त्याला ४०० पीपीएमची, म्हणजे बाहेरची ताजी हवा मिळते असे गृहीत धरून तो स्वतःची दुरुस्ती करत राहतो. कायम बंद खोलीत तो कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो आणि खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो.

सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन ३.४ मायक्रोमीटरच्या आसपास किरण शोषतात, म्हणजे तोही दावा गेला. गळतीचा डिटेक्टर वेगळा असतो आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत लावायचा असतो. यंत्रमागाच्या खडखडाटात हा संवेदक बहिरा होतो, ही त्या संदेशाखाली कुणीतरी जोडलेली ओळ अर्धीच खरी आहे, कारण मायक्रोफोनने टिपलेल्यातून किरणांच्या तालावरची कंपनेच निवडली जातात. तरीही मागाच्या हादऱ्यांनी थरथरणाऱ्या भिंतीवर तो लावू नये.