प्रोजेक्टर आला, बॅटरीचं काय?

‘शिक्षकांची मानसिकता बदलली की डिजिटल शाळा यशस्वी होतील’ हे डिजिटल शाळांवरच्या लेखातलं विधान मला, एका गावच्या शिक्षकाला, काही पटलं नाही. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम आला तेव्हा गावोगावच्या गुरुजी-बाईंनी लोकवर्गणी काढून, प्रसंगी पदरचे पैसे घालून प्रोजेक्टर आणले. मानसिकता नसती तर हे झालं असतं का? आमच्या द्विशिक्षकी शाळेला यात्रा कमिटीने मोठा टीव्ही दिला. मुलं खूश, पालकही खूश. पुढे इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली, वीजबिल थकलं, मीटर कापला गेला. आता त्या टीव्हीवर सतरंजी टाकलेली असते, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून.

‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाकाठी १० हजारांचं संयुक्त अनुदान, म्हणजे सगळ्या किरकोळ खर्चासाठी मिळून एकच रक्कम. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात रजिस्टरं, खडू, किरकोळ डागडुजी आणि वर वीजबिल. बॅटरी त्यात कुठे बसवायची? शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. आमच्याकडे तो केंद्रशाळेतून (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेतून) आलेला नमुना, पटसंख्या बदलून सही केलेला. त्यात ‘संगणक हवे : किती’ असा रकाना आहे, दुरुस्तीचा नाही. प्रशिक्षणं तर आम्ही भरपूर केली हो, तीही बहुतेक ऑनलाइन, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर. लेखकाने एकदा या रकान्यांबद्दलही लिहावं.